थ्रेड मेला, पण चावी खिशात घेऊन

गेल्या अंकात सर्व्हर पडल्यावर लॉग कुठून वाचायला घ्यायचा ते लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. गंमत म्हणजे क्रॅश का झाला हे फार कमी लोकांनी विचारलंय. बहुतेकांचं दुखणं क्रॅशनंतरचं आहे: सर्व्हर परत उभा राहिला, सगळं ठीक दिसतंय, पण मागे काहीतरी अडकून राहिलंय. पत्रं थोडी कापून छापतेय. आणि हो, कमांडची नावं देवनागरीत लिहिताना मलाही हसू येतं, पण इथली पद्धत तशी आहे, सांभाळून घ्या. नव्या वाचकांसाठी एवढंच: प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, थ्रेड म्हणजे तिच्या आत एकच मेमरी वाटून घेऊन काम करणारे कामगार, आणि कर्नल म्हणजे या सगळ्यांवर लक्ष ठेवणारा ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा.

प्रश्न : सर, आमचा सर्व्हर सी प्लस प्लसमधे आहे, ६४ वर्कर थ्रेड. कधीतरी कुठेतरी नल पॉइंटर (कुठेच न नेणारा मेमरीचा पत्ता) लागतो आणि अख्खा सर्व्हर झोपतो. एका रिक्वेस्टपायी बाकी ६३ जणांना का शिक्षा, म्हणून आम्ही सेगफॉल्टला (चुकीच्या मेमरीला हात लावल्यावर येणारा सिग्नल) सिग्नल हँडलर लावला, म्हणजे सिग्नल आला की चालणारं फंक्शन, आणि त्यात पीथ्रेड एक्झिट मारलं. म्हणजे फक्त तो थ्रेड मरतो, त्याच्या जागी आम्ही नवीन उभा करतो. दोन दिवस मस्त चाललं. आता क्रॅशनंतर तासा-दोन तासांनी सर्व्हर गप्प होतो, सीपीयू शून्य, पोर्ट उघडं, कनेक्शन लागतं पण उत्तर येत नाही. जीडीबी या डीबगरचं आउटपुट जोडलंय. – पुणे

उत्तर : आधी एक, मी सर नाही, मॅडम आहे. सदरावर फोटो छापत नाहीत त्याचा हा परिणाम.

तुमचं आउटपुट नीट बघितलं, आणि असं आउटपुट जोडून पाठवणारे वाचक मला फार आवडतात. ६४ च्या ६४ थ्रेड एकाच ठिकाणी उभे आहेत, लॉकची वाट बघत. बॅकट्रेसमधे, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्या यादीत, थोडं वर गेलं की तुमचं लॉगआउटचं फंक्शन दिसतं, म्हणजे सेशनच्या यादीचा म्युटेक्स, एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारा लॉक. आता तो म्युटेक्स जीडीबीत प्रिंट केलात तिथे ओनर नावाचं एक फील्ड आहे, त्यात आकडा आहे ४१२७. लिनक्सवर हा लॉक धरून बसलेल्या थ्रेडचा नंबर असतो. मग तुमच्याच थ्रेडच्या यादीत ४१२७ शोधा. ४१०१ पासून ४१६४ पर्यंत सगळे ओळीने हजर आहेत, फक्त ४१२७ नाही, आणि शेवटी एक एकटाच ४३९० बसलाय. तो तुम्ही बदली म्हणून उभा केलेला. म्हणजे झालं काय, सोसायटीच्या पंपाच्या खोलीची चावी घेऊन वॉचमन गेला तो गेलाच, तुम्ही नवीन वॉचमन ठेवलात, युनिफॉर्म दिला, पण चावी जुन्याच्याच खिशात.

तासा-दोन तासांनी का, तर हा लॉक फक्त लॉगआउट करताना लागतो. जो थ्रेड लॉगआउटची रिक्वेस्ट घेतो तो तिथे जाऊन चिकटतो, एक गेला, दोन गेले, सकाळच्या वेळी लॉगआउट कमी म्हणून कळत नाही, आणि संध्याकाळी सहाला ऑफिस सुटलं की अर्ध्या तासात सगळे ६४ संपतात.

आता तुमचा पुढचा विचार मला माहितीये, कारण मी पण तो केलेला आहे: मग मरायच्या आधी हँडलरमधेच अनलॉक करून टाकू. नका करू. लॉक कशासाठी घेतला होता, यादीत काहीतरी बदलत होता म्हणून. तो थ्रेड बरोब्बर मधे मेलाय. एक नोड पुढच्या बाजूने सुटलाय, मागच्या बाजूने अजून जोडलेला आहे. लॉक उघडलात की पुढचा थ्रेड त्या अर्धवट यादीवर चालायला लागणार, आणि हा क्रॅश परवडला असं वाटायला लावणारा दुसरा क्रॅश होणार, किंवा क्रॅश होणारच नाही आणि एकाचं सेशन दुसऱ्याला मिळेल. हँग परवडतो, निदान दिसतो तरी.

शिवाय लॉक फक्त तुम्ही लिहिलेलेच असतात असं नाही. मेमरी मागून आणणाऱ्या मॅलॉकच्या पोटात लॉक आहेत, लॉग लिहायच्या लायब्ररीत आहेत, प्रिंटएफच्या मागे आहेत. आणि बरेच सेगफॉल्ट तर मॅलॉक नाहीतर मेमरी परत करणाऱ्या फ्रीमधेच होतात, कारण आधी कोणीतरी हीपवर, म्हणजे मॅलॉकच्या मेमरीत, घाण केलेली असते आणि त्याचा बोभाटा तिथे होतो. अशा वेळी हँडलरमधून पीथ्रेड एक्झिट मारलं तर मरणाऱ्या थ्रेडला जाता जाता आपली मेमरी परत करायची असते, आणि तो स्वतःच धरलेल्या लॉकवर स्वतःच अडकू शकतो. पीथ्रेड एक्झिट हे सिग्नल हँडलरमधून चालणाऱ्या सुरक्षित फंक्शनच्या यादीत नाहीच. ती यादी छोटी आहे, राइट आहे, अंडरस्कोर एक्झिट आहे, बाकी मॅन पेजवर बघा. तुमच्या ऑब्जेक्टचे आवराआवर करणारे डिस्ट्रक्टर अशा मरणात धावतील का, याची पण खात्री धरू नका.

रोबस्ट म्युटेक्स म्हणून एक प्रकार आहे, तो तुम्हाला कोणीतरी सुचवेलच म्हणून आधीच सांगते. म्युटेक्स बनवताना तसं सांगून ठेवलं तर धरणारा मेल्यावर कर्नल स्वतः बघतो आणि पुढच्या माणसाला लॉक मिळतो, पण सोबत एक एरर येतो: आधीचा मालक मेला. लिनक्स कर्नलमधे ही सोय २.६.१७ पासून आहे, म्हणजे २००६. पण यात मेख अशी की आतला डेटा दुरुस्त करायची जबाबदारी तुमची, दुरुस्त करून 'आता ठीक आहे' असं एका वेगळ्या कॉलने सांगावं लागतं, आणि ते न सांगता अनलॉक केलात तर तो म्युटेक्स कायमचा बाद. दोन वेगळ्या प्रोसेस एकच शेअर्ड मेमरी वापरतात तिथे हे खरंच कामाचं आहे. तुमच्या एकाच प्रोसेसमधे नाही, कारण पॉइंटर वाकडा होऊन जो थ्रेड मेला त्याने मरायच्या आधी फक्त सेशनच्या यादीतच लिहिलं असेल कशावरून? सगळ्यांची मेमरी एकच आहे.

मोठी माणसं काय करतात बघा. पोस्टग्रेस डेटाबेसमधे तर थ्रेड नाहीत, दर कनेक्शनला वेगळी प्रोसेस आहे, तरी एक प्रोसेस सेगफॉल्टने मेली की मुख्य पोस्टमास्टर बाकी सगळ्या कनेक्शनना घरी पाठवतो, शेअर्ड मेमरी नव्याने मांडतो, डब्ल्यूएएल लॉगवरून (आधीच लिहून ठेवलेल्या बदलांची वही) रिकव्हरी करतो आणि मग दार उघडतो. कारण इतकंच की मेलेल्याने सामायिक मेमरीत काय लिहून ठेवलंय ते कोणालाच माहीत नाही. मायएसक्यूएलमधे दर कनेक्शनला थ्रेड आहे, तिथे एक थ्रेड सेगफॉल्टने मेला तर अख्खी प्रोसेसच जाते, परत चालू होताना त्याचं स्टोरेज इंजिन इनोडीबी तशाच रीडू लॉगवरून सावरतं. थ्रेड पुसून सर्व्हर चालू ठेवायचा उद्योग दोघंही करत नाहीत, आणि त्यांच्याकडे आपल्यापेक्षा हुशार लोक आहेत.

तेव्हा हँडलरमधे काय करायचं: राइटने एक ओळ लिहा, सिग्नलचं वागणं परत डिफॉल्टवर आणा, तोच सिग्नल परत सोडा, प्रोसेसला सन्मानाने मरू द्या, कोअर (मरतानाच्या मेमरीची फाइल) पडू द्या. वर सिस्टमडीला, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्याला, रीस्टार्ट ऑन-फेल्युअर सांगून ठेवा. फक्त तिथे एक लक्षात असू द्या, डिफॉल्टला १० सेकंदांत ५ वेळा पडलं की सिस्टमडी नाद सोडतो आणि सर्व्हिस फेल्ड म्हणून ठेवून देतो, आणि दोन प्रयत्नांमधे थांबतो फक्त १०० मिलिसेकंद, त्यामुळे डेटाबेस अजून उठला नसेल तर तुमचे पाचही चान्स एका सेकंदात संपतात. मधलं अंतर वाढवून ठेवा. आणि ६३ जणांना शिक्षा नको हा तुमचा मुद्दा बरोबरच आहे, त्यावर उपाय म्हणजे एका प्रोसेसमधे ६४ ऐवजी चार प्रोसेसमधे सोळा-सोळा. मग एक मेली तरी पंधराच निरपराध जातात. थ्रेडच्या मागे झाडू मारणारं कोणी नसतं, प्रोसेसच्या मागे कर्नल असतो, हिशेब एवढाच आहे.

आणि तो नल पॉइंटर शोधा हो. दोन दिवस हँडलरवर घालवलेत, तेवढ्यात तो सापडला असता.

प्रश्न : क्रॅश वगैरे काही नाही, पण आठवड्याभरात पीथ्रेड क्रिएट (नवीन थ्रेड बनवणारा कॉल) ११ नंबरचा एरर द्यायला लागतं. टॉप कमांडमधे थ्रेड तर तीसच दिसतात. – नागपूर

उत्तर : जॉइन कोण करतंय? बहुतेक कोणीच नाही. थ्रेड संपला तरी त्याचा स्टॅक, म्हणजे त्याची कामाची मेमरी, आणि त्याच्या नोंदीची पुडी तशीच राखून ठेवलेली असते, कोणीतरी जॉइन करून निकाल विचारेल म्हणून. तो टॉपमधे दिसत नाही कारण कर्नलच्या दृष्टीने तो गेलाय, पण तुमच्या प्रोसेसच्या पत्त्यांमधे त्याने जागा अडवलेली आहे, लिनक्सवर साधारण प्रत्येकी ८ एमबी. ही खरी रॅम नाही, नुसते पत्ते. पण तुमची मशीन जुनी ३२ बिटची आहे असं लिहिलंय, तिथे प्रोसेसला मिळतात ३ जीबी, भागून बघा, पावणेचारशेच्या आसपास गाडी अडणार. ज्याचा निकाल नकोय त्याला बनवतानाच डिटॅच करा, म्हणजे संपल्यावर त्याचं सामान आपोआप आवरलं जातं. बास. आणि डिटॅच केल्यावर मेमरी लगेच उतरली नाही म्हणून घाबरू नका, ग्लिबसी ही लिनक्सची सी लायब्ररी थोडे स्टॅक पुढच्या थ्रेडसाठी स्वतःकडे ठेवून देते.

प्रश्न : ताई, आमचा सर्व्हर क्रॅश झाला की वॉचडॉग लगेच परत चालू करायला जातो आणि 'पत्ता आधीच वापरात आहे' म्हणून तो पडतो. कधी एका मिनिटात आपोआप सुटतं, कधी दहा मिनिटं, आणि एकदा तर मशीनच रीबूट केली. मेलेली प्रोसेस पोर्ट कसं काय धरून बसते? – ठाणे

उत्तर : छान प्रश्न आहे, कारण यात तीन वेगळे आजार एकाच लक्षणाखाली लपलेत, आणि तुम्ही दिलेले वेळ बघता तुम्हाला बहुतेक तिन्ही झालेत.

एका मिनिटाचा आजार सगळ्यात साधा. प्रोसेस मेली की कर्नल तिचे सगळे सॉकेट, म्हणजे कनेक्शनची तिच्याकडची टोकं, बंद करतो, म्हणजे फोन आधी तुमच्या बाजूने ठेवला जातो, आणि टीसीपीत जो आधी ठेवतो त्याच्या वाट्याला टाइम-वेट, म्हणजे थोडा वेळ थांबणं, येतो, लिनक्सवर ६० सेकंद. त्या काळात त्याच पोर्टवर बाइंड करायला, म्हणजे ते पोर्ट आपल्या नावावर घ्यायला, गेलात तर नाही म्हणतो, जोवर रीयूज-अ‍ॅड्रेसचा ऑप्शन लावत नाही. सर्व्हरला तो ऑप्शन लावायचाच असतो, बाइंडच्या आधी. एक ओळ.

दहा मिनिटांवाला मजेशीर आहे. तुमची प्रोसेस मेलेली नसतेच, मरत असते. तुम्ही लिहिलंय की सर्व्हर ४० जीबी रॅम खातो आणि कोअर डम्प चालू आहे. ४० जीबी डिस्कवर लिहायला वेळ लागतो, आणि ते लिहून होईपर्यंत कर्नल फाइली-सॉकेट बंद करायला सुरुवातच करत नाही. पोर्ट तिच्याच ताब्यात, आणि तिकडे क्लायंट कनेक्ट पण होत राहतात कारण लिसनची रांग जिवंत आहे, फक्त पलीकडे उचलणारं कोणी नाही. या वेळात घाबरून किल मायनस नाइन मारलंत तर डम्प अर्धवट राहतो आणि क्रॅशचा एकमेव पुरावा जातो. डम्पमधे काय घ्यायचं ते प्रोक फाइलसिस्टममधल्या कोअरडम्प फिल्टरने कमी करता येतं, मोठा कॅश असलेला भाग मॅडव्हाइज या कॉलने डम्पमधून वगळता येतो. तेवढं केलं की दहाचे बहुतेक एक मिनिट होईल.

आणि रीबूटवाला. सर्व्हर फोटो छोटे करायला बाहेरचा प्रोग्रॅम फोर्क करून, म्हणजे पोर-प्रोसेस काढून, चालवतो ना? त्या पोराला आईकडून सगळे उघडे फाइल नंबर वारशात मिळतात, त्यात तुमचा लिसनिंग सॉकेट पण. आई मेली, पोरगं एखाद्या बिघडलेल्या फोटोवर फिरत बसलंय, आणि पोर्ट त्याच्या कमरेला. रीबूटची गरज नव्हती, एसएस कमांडला एल टी एन पी हे ऑप्शन दिलेत तर पोर्टसमोर त्या फोटोवाल्या प्रोग्रॅमचं नाव दिसलं असतं, त्याला मारलं की झालं. कायमचा उपाय म्हणजे सॉकेट बनवतानाच क्लोज-ऑन-एक्झेक लावणे (दुसरा प्रोग्रॅम चालवताना तो वारशात जात नाही), किंवा सिस्टमडीखाली चालवत असाल तर तो सर्व्हिस थांबवताना अख्ख्या कंट्रोल ग्रुपला मारतो, पोराबाळांसकट.

जाता जाता: कर्नल सगळं उचलतो म्हटलं ते मेमरी, फाइली, सॉकेट यांचं. सिस्टम फाइव्ह या जुन्या युनिक्स पद्धतीची शेअर्ड मेमरी आणि सेमाफोर तो उचलत नाही, ते आयपीसीएसने बघून आयपीसीआरएमने काढावे लागतात. डेव्ह एसएचएममधल्या फाइली, युनिक्स सॉकेटची फाइल, पीआयडी (प्रोसेसचा नंबर) फाइल, हे पण तसंच पडून राहतं. पीआयडी फाइलमधला नंबर बघून 'चालू आहे वाटतं' असं ठरवणारी स्क्रिप्ट असेल तर ती आजच फेकून द्या, तो नंबर एव्हाना दुसऱ्याच कुठल्या प्रोसेसला मिळालेला असू शकतो. त्याऐवजी फाइलवर एफलॉक (फाइलचा लॉक) धरा, मेल्यावर तो आपोआप सुटतो. पोराला वारशात गेला नसेल तर. बघा, परत तेच.

प्रश्न : जावामधे रोज दर पाच मिनिटांनी चालणारं एक काम शेड्यूल केलंय. चार-पाच दिवस चालतं, मग बंद. लॉगमधे एक अक्षर नाही, सर्व्हर बाकी टुणटुणीत. थ्रेड मेला म्हणावं तर थ्रेड डम्पमधे तो जिवंत दिसतो! – इचलकरंजी

उत्तर : थ्रेड जिवंतच आहे, काम मेलंय. शेड्यूल-अ‍ॅट-फिक्स्ड-रेटला दिलेल्या कामातून एकदा जरी एक्सेप्शन बाहेर पडलं तर पुढच्या सगळ्या फेऱ्या रद्द, असं त्याच्या डॉक्युमेंटेशनमधेच लिहिलंय, आणि ते एक्सेप्शन फ्युचर नावाच्या निकालाच्या डब्यात ठेवून दिलं जातं, जे तुम्ही कधी उघडून बघितलं नाही. सबमिटचंही तेच. एक्झिक्यूट वापरलं तर मात्र एक्सेप्शनने तो वर्कर खरंच मरतो, पूल त्याच्या जागी दुसरा आणतो, आणि निदान स्टॅक ट्रेस तरी छापला जातो. तुमच्या कामाच्या सगळ्यात बाहेर ट्राय-कॅच घाला आणि पकडलेलं लॉगमधे लिहा, आजच कळेल काय झालं ते. माझा अंदाज, पाचव्या दिवशी डेटाबेसने कनेक्शन तोडलं.

कोडचा तुकडा पाठवलाय त्यात अजून एक दिसलं. रीएंट्रंट लॉक घेताय आणि अनलॉक शेवटच्या ओळीत आहे, काहीही झालं तरी चालणाऱ्या फायनलीमधे नाही. सिंक्रोनाइज्ड ब्लॉकमधून एक्सेप्शनने बाहेर पडलं तर जावा लॉक स्वतः सोडतो, रीएंट्रंट लॉकचं तसं नाही, तो तुम्हीच सोडायचा. म्हणजे वरच्या पुण्याच्या गोष्टीसारखंच, फक्त इथे चावी घेऊन बसलेला वॉचमन समोरच खुर्चीवर आहे, त्याला आठवत नाहीये इतकंच. जेस्टॅकला मायनस एल दिलंत तर कोणाकडे कुठला लॉक आहे ते छापून येतं.

थ्रेड-स्टॉप वापरू का असंही शेवटी विचारलंय. ते जावा १.२ पासून, म्हणजे १९९८ पासून डेप्रिकेटेड (वापरू नका असं सांगितलेलं) आहे आणि जावा २० पासून तर नुसतं एक्सेप्शन फेकतं. नको.

प्रश्न : आम्ही ट्रकच्या जीपीएस युनिटसाठी सर्व्हर चालवतो, दर युनिटला एक थ्रेड. साधारण २०० ट्रक आहेत पण संध्याकाळपर्यंत थ्रेड ९०० च्या वर जातात, रात्री हळूहळू उतरतात. आमचा सर्व्हर क्रॅश होत नाही, युनिट मात्र मधेमधे बंद पडून चालू होतात. – कोल्हापूर

उत्तर : इथे क्रॅश समोरच्याचा आणि कचरा तुमच्याकडे. ट्रक आंबा घाटात शिरला, रेंज गेली, युनिट वैतागून रीस्टार्ट झालं, खाली उतरल्यावर त्याने नवीन कनेक्शन लावलं. जुनं कनेक्शन बंद झाल्याचा निरोप तुमच्यापर्यंत आलाच नाही, कारण निरोप द्यायच्या वेळी रेंज नव्हती आणि नंतर युनिटला काही आठवत नव्हतं. तुमचा जुना थ्रेड रीडवर कान लावून बसलाय. टीसीपीत गप्प बसणं हा गुन्हा नाही, तो जन्मभर बसेल.

रात्री उतरतात म्हणजे तुम्ही कीप-अलाइव्ह (गप्प बसलेल्याला अधूनमधून हाक मारून बघणं) लावलेला आहे, पण लिनक्सच्या डिफॉल्ट आकड्यांवर: ७२०० सेकंद शांतता, मग दर ७५ सेकंदांनी एक याप्रमाणे ९ हाका. बेरीज ७८७५ सेकंद, म्हणजे दोन तास अकरा मिनिटं आणि वर पंधरा सेकंद. एका घाटात एक थ्रेड इतका वेळ. हे आकडे सॉकेटपुरते बदलता येतात, पण तुमचं युनिट दर ३० सेकंदांनी लोकेशन पाठवतं म्हणताय, मग सरळ रीडला दोन मिनिटांचा टाइमआउट लावा, दोन मिनिटं आवाज नाही तर सॉकेट बंद करून थ्रेडला सुट्टी. आणि त्याच युनिटचं नवीन कनेक्शन आलं की जुन्यावर शटडाउन मारा, रीडवर बसलेला थ्रेड लगेच जागा होऊन बाहेर पडतो. दुसऱ्या थ्रेडमधून नुसतं क्लोज मारू नका, लिनक्सवर आत बसलेला थ्रेड त्याने उठेलच असं नाही, आणि तोच नंबर तेवढ्यात नवीन ट्रकच्या सॉकेटला मिळाला तर एका ट्रकचं लोकेशन दुसऱ्याच्या नावावर चढेल.

तिकडे डेटाबेसच्या बाजूला पण असंच असणार, मायएसक्यूएल रिकाम्या कनेक्शनला डिफॉल्टला २८८०० सेकंद थांबतं, आठ तास. ९०० थ्रेडनी एकेक कनेक्शन धरून ठेवलं असेल तर ते पण मोजा.

एक विनंती. कोअर फाइली मला मेल करू नका. या महिन्यात एकाने अडीच जीबीची पाठवली, इनबॉक्स भरला ते जाऊ दे, पण कोअर म्हणजे तुमच्या प्रोसेसची त्या क्षणाची सगळी मेमरी, त्यात डेटाबेसचा पासवर्ड आणि ग्राहकांचे फोन नंबर साध्या अक्षरात असतात. मी ती न उघडता डिलीट केली. पासवर्ड मात्र बदलून घ्या. जीडीबीत सगळ्या थ्रेडचे बॅकट्रेस काढून तेवढं टेक्स्ट पाठवा, नावं-नंबर खोडून, मला तेवढं पुरतं.